पाटलांचं जू आणि होळीचा मान

होळीच्या दुसऱ्या दिवशीची ती फिर्याद आठवली की मला अजूनही स्वस्थ बसवत नाही. निजामी अमलात मी चौसाळ्याच्या ठाण्यावर अमीन, म्हणजे फौजदार, होतो. घाटात दरोडेखोरांची टोळी उतरल्याची पक्की खबर सकाळीच आली होती. घोडी जीन घालून उभी, आणि दारात शेजारच्या गावचे पाटील हजर! "माझं बैलगाडीचं नवंकोरं जू चोरून होळीत जाळलं. आधी चोराला धरा, मग कुठं जायचं ते जा."

होळीला लाकडं-गोवऱ्या चोरणं हा पोरांचा रिवाजच. त्याची फिर्याद कुणी करत नाही. पण पाटलांची ऊठबस वरच्या कचेरीत. जमादार कानाशी लागला, "अमीनसाब, हे आधी निपटवा, न्हाईतर बात वर जाईल."

घोडी परत बांधली. गावची राखण करणाऱ्या जागल्यानं नाव सांगितलं म्हणून एका बागवानाचं पोर धरून आणलं. मिसरूडही फुटलेलं नव्हतं. खटला बीडला गेला असता तर फटके बसले असते, वर बदमाश म्हणून नोंद होऊन जन्मभर ठाण्यावर हजेरी.

मी विचारलं, "कावून नेलं बे?"

"होळीला समदेच नेतेत, साहेब. मी एकटा नव्हतो."

"संगं कोण व्हतं?"

जमादारानं पट्टा दाखवला तरी पोरानं कुणाचं नाव घेतलं नाही. बाहेर त्याची माय रडत होती आणि माझा जीव घाटाकडं लागलेला. मी खेकसलो, "जू म्हणजे काय काडी हाय? कुणालाच दिसलं न्हाई?"

"दिसलं की. ढिगाच्या वरच व्हतं. पाटलांनीच तर चूड लावली."

मी चमकलो. त्या गावात होळी पेटवायचा मान पाटलांचाच. बाहेर येऊन विचारलं, "पाटील, जू डोळ्यांसमोर असताना चूड कशी लावलीत?"

पाटलांचा चेहरा उतरला. "चार लोकांत काय बोलणार? होळीत पडलेलं लाकूड काढत न्हाईत."

म्हणजे रिवाज गावात पाळला आणि राग ठाण्यात आणला! माझं टाळकंच फिरलं. "मग लिहितो फिर्याद. नेणारा हा, जाळणारे तुम्ही." पाटलांनी फिर्याद मागं घेतली. पोर मायला जाऊन बिलगलं.

गुन्ह्याचं वजन करताना फिर्यादीचा फेटा तराजूत घालू नये, हे मी पुढं प्रत्येक नव्या जवानाला सांगत आलो. घाटातली टोळी तोवर पसार झाली होती, पण मला रुखरुख तिची नाही. होळी पेटवायचा मान दुसऱ्या कुणाचा असता, तर ते पोर मी बीडला रवाना केलं असतं आणि सुटलो एकदाचा म्हणत घोडीवर टांग टाकली असती.