राघोचा मऊ फुलोरा

राघो भट्टीवाल्याचं लग्न नेमकं कोणाशी झालंय, याबद्दल सुरतेच्या पांडेसऱ्यात दोन मतं होती. कोणी म्हणे सखुबाईशी, कोणी म्हणे भट्टीशी. भट्टीवाल्या पक्षात माणसं जास्त होती, आणि त्या पक्षाची पहिली सभासद खुद्द सखुबाईच होती.

राघो मूळचा दोंडाईच्याकडचा. त्याच्या गावची पोरं सुरतेला येऊन लूमच्या खडखडाटात बहिरी झाली. हा एकटा बेकरीत शिरला आणि कान शाबूत ठेवून राहिला. तोटा एवढाच की लोक पाठीमागे काय बोलतात ते त्याला नीट ऐकू यायचं.

बेकरीच्या शेठाणीला डॉक्टरांनी मैदा बंद केला, तिथून या गोष्टीला तोंड फुटतं. शेठाणी मैदा सोडायला तयार होती, पण रात्रीच्या जेवणातला पाव सोडायला नाही. मग राघोने गव्हाच्या पिठाचे पाव भाजले. पहिल्या दिवशीचा एक पाव शेठाणीने वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला अडण म्हणून लावला, अशी बातमी तिच्याच मोलकरणीने राघोच्या चाळीत आणली. बातमीत मीठमसाला असेलही, पण दार आपटायचं थांबलं होतं हे खरं.

राघो हटून बसला. गव्हाच्या पिठाला मैद्याहून तहान जास्त, हे हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. कणीक हाताला चिकटेल इतकी सैल ठेवायची, दूध घालायचं, गुळाचा खडा विरघळवायचा, पीठ भिजून निवांत होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पाव असा मऊ झाला की बोट दाबलं तर खळगा हळूच वर येई.

मग त्याला आकारांची हौस सुटली. तीन पेडांची वेणी. कात्रीने दाते कापलेली फणी. झाकणासकट करंडा. लवंगेच्या डोळ्याचा पोपट. शेठाणीच्या टेबलावर पाहुण्यांनी वाहवा केली. पण चाळीला ते आकार बघताक्षणी ओळखू आले. खानदेशात नवरात्रात देवीच्या घटावर मंडपी बांधतात आणि तिला कणकेच्या तळलेल्या वेण्या-फण्या टांगतात, तो फुलोरा. चाळीतला सगळ्यात सुबक फुलोरा असायचा सखुबाईचा.

"वेणी बरी जमते रे तुला," लूमवरचा त्याचा गाववाला सुकलाल डोळा मिचकावून म्हणायचा. "कुणाच्या केसांची?"

राघो पुढचा पेड वळायला घ्यायचा. केस कुणाचे ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते केस सुरतेत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णव साली प्लेगची हूल उठली तेव्हा अर्धी सुरत गाड्यांना लोंबकळत गावी पळाली. राघोने उधना स्टेशनवर सखुबाईला खिडकीतून डब्यात ढकललं, मागून बोचकं ढकललं आणि म्हणाला, "तू हो पुढे. भट्टीचं बघून मी मागच्या गाडीने येतो."

तो गेला नाही. शेठ किल्ल्या त्याच्या हातात देऊन केव्हाच पसार झाला होता. भट्टी जुनी. एकदा पुरती थंड पडली तर विटा तडकतील, असं राघोच्या मनाने घेतलं. तो रोज चार लाकडं सारत राहिला. पाव घ्यायला शहरात माणूस नव्हतं. आणि तिकडे सखुबाई रोज गाडीच्या वेळेला दोंडाईच्याच्या फलाटावर येऊन बाकावर बसत होती. दसऱ्यापर्यंत बसली. मग बसायची थांबली.

दिवाळीनंतर झाडून सगळे परतले. सखुबाई सासऱ्याच्या घरात राहिली. निरोप आला, "भट्टीसंगेच संसार कर म्हणा."

राघो एकदा आणायला गेला, तर ती त्याला जेवायला वाढून शेतात निघून गेली. पुन्हा जायची त्याची छाती झाली नाही. पण रोज वेणी वळताना तिसरा पेड हातात आला की तो थांबायचा. सखू तिसरा पेड उलटा घ्यायची. तिची वेणी त्यामुळे फुगीर दिसायची. ते त्याला कधी साधलं नाही.

शहाण्णवच्या घटस्थापनेआधी सुकलाल गावी निघाला तेव्हा राघोने पत्र्याचा डबा पुढे केला. आत केळीच्या पानात वेणी, फणी, करंडा, पोपट.

"पाव?" सुकलाल म्हणाला. "आमच्याकडे पाव दवाखान्यात नेतात, भो. वहिनी काय आजारी शे का?"

"तू ने तर खरं. मऊ लागला का, एवढं विचार."

मऊ असेल तर तिचं मनही मऊ होईल, हा त्यातला हिशेब. तो सुकलालला कळला, आणि सुकलालला कळला म्हणजे पांडेसऱ्याला कळला. नवरात्रभर राघो जिथे जाई तिथे लोक विचारत, "काय राघोदादा, आला का निरोप?"

निरोप दसऱ्यानंतर आला. सुकलालने तो चारचौघांत, सखुबाईच्या सुरात म्हणून दाखवला. "भट्टीवाल्याले सांग, तुना पाव दगड निघनात. फोडीसन गायले घाल्यात."

लोक हसले. राघोही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने शेठाणीकडे साधे गोल पाव पाठवले. शेठाणी रुसली, पण त्याने कात्री हातात धरली नाही.

आठवड्याने सुकलाल बेकरीच्या ओट्यावर चहा पीत गावच्या गप्पा सोडत होता. कोणाची सोयरीक मोडली, कोणाची म्हैस व्याली. त्या ओघातच बोलून गेला, "आणि तुझ्या पोपटाला बघायला तर सगळ्या आळीतल्या बाया आल्या. लवंगेचा डोळा! देवीच्या डोक्यावर असा डुलत होता म्हणून सांगू."

राघोने फळी खाली ठेवली. "कुठे डुलत होता?"

"मंडपीला. आणखी कुठे? वहिनीने सगळेच टांगले ना, घट बसले त्या दिवशीच."

"टांगले? खाल्ले नाहीत?"

"फुलोरा कोणी आधी खातं का, येड्या? घट उठेपर्यंत बोट लावत नाहीत. तेव्हा उतरवले, तर दगड. तळलेलं टिकतं. तुझा पाव काय टिकतो?"

राघो पिठाच्या पोत्यावर बसला. फुलोऱ्याचा आकार द्यायचा, घटस्थापनेच्या तोंडावर पाठवायचा आणि वर मऊ लागला का विचारायचं, हा गाढवपणा खानदेशी माणसालाच जमावा. तिने पाव टाकले नव्हते. नऊ दिवस देवीच्या माथ्यावर धरले होते. आणि त्यातला मऊपणा मात्र तिला कळलाच नव्हता.

त्याने परातीत कणीक भिजवली. दूध, गूळ, खमीर, हात नेहमीपेक्षा सैल. ती झाकणाच्या मोठ्या पातेल्यात घातली, वर ओलं फडकं टाकलं आणि पातेलं काखेत घेऊन निघाला. या खेपेला आकार त्याने दिला नाही. आकार तिने द्यावा, बट्ट्या भाजायच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर दोघांनी भाजावा, गरम असतानाच तिने तोडावा.

दारात शेठ आडवा आला. "अरे राघो, क्यां चाल्यो? भट्टी कोण जोशे?"

"कोणी नाही बघणार. विझू द्या, शेठ."

"ने इंटो फाटी जशे तो?"

"तडकू द्या विटा."

सुकलालच्या हातातला कप तसाच राहिला. एवढी मोठी बातमी, आणि ऐकायला जवळ फक्त शेठ!

ताप्ती लाइनच्या पॅसेंजरमध्ये उकाडा मरणाचा. कणीक फुगायला लागली. झाकण वर उचललं गेलं, तसा राघोने हात घालून ती खाली दाबली. शेजारची म्हातारी बघत होती.

"काय हाय रे बाप्पा त्यात? जित्तं हाय का?"

"कणीक आहे, आजी. घरी नेतोय."

"घरी कणीक नाही?"

"आहे. माणूस रागावलंय."

म्हातारीने मान डोलावली आणि पातेल्यावर ऊन येत होतं तिथे आपला पदर धरला.

दोंडाईच्याला तो उतरला. उतरणारे भराभर पांगले, गाडी गेली आणि फलाट रिकामा झाला. बाक तिथेच होतं. राघो त्यावर टेकला. गाडी गेल्यावर फलाट इतका रिकामा होतो, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. सखूने ते रोज पाहिलं होतं.

मांडीवरच्या पातेल्याचं झाकण पुन्हा उचललं जात होतं. या वेळी त्याने ते दाबलं नाही. पातेलं तसंच दोन्ही हातांत धरून तो उठला आणि गावाच्या वाटेला लागला.