नाव कमी केल्याचा दाखला

माझी वहिनी नर्स म्हणून विलायतेला जाणार होती आणि ती माझ्यामुळे गेली नाही. घरात अजूनही हा विषय निघाला की सगळे सरकारी कार्यालयाला शिव्या देतात. मीही देत आलो. माझ्या शिव्या तर सगळ्यांत खणखणीत असायच्या. आता पन्नाशी जवळ आली आहे, तेव्हा जे झालं ते क्रमानं लिहून काढतो.

वहिनी बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिचं शिक्षण नागपूरला झालं, नागपूर आमची राजधानी होती तेव्हा. पुढे राज्यं वेगळी झाली, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि तिचं नाव इकडच्या नर्सांच्या नोंदवहीत आलं. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, उकव्याच्या खाणीत हजेरी लिहायच्या कामावर होता. तो शनिवारच्या बसनं घरी यायचा. मी राशन कार्यालयात कारकून, लग्न न झालेला, वहिनीच्या हातचं जेवणारा.

वहिनीबरोबर शिकलेली एक मैत्रीण विलायतेच्या एका इस्पितळात लागली होती. तिनं पत्रात लिहिलं होतं की इकडे सुई टोचली तरी पेशंट थँक्यू म्हणतो. वहिनीनं ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी तिनं मैत्रिणीच्या इस्पितळाला अर्ज पाठवला आणि दोन-अडीच महिन्यांनी उत्तर आलं, की या, जागा आहे, सहा महिने थांबतो.

त्या सहा महिन्यांत पासपोर्ट काढायचा होता आणि तिकडच्या नर्सिंगच्या मंडळात नाव नोंदवायचं होतं. ते झालं की कामाचा परवाना मिळणार होता. तिकडचं मंडळ नाव तेव्हाच घेणार होतं, जेव्हा आमच्या राज्याचं नोंदणी कार्यालय त्यांना परस्पर कळवेल की ही बाई आमच्या नोंदवहीत आहे आणि तिच्यावर काही ठपका नाही.

अडचण एकच होती. नोंदवहीत माहेरचं नाव आणि पासपोर्टात सासरचं. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. आडनाव, मधलं नाव, पहिलं नाव, सगळं बदलतं. कागदावर पाहिलं तर नागपूरला शिकलेली मुलगी आणि बालाघाटला राहणारी बाई यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

"भाऊजी, हे तुमीच पाहा," वहिनी म्हणाली. "कागदाचं तुमाले समजते."

मला समजतं असं मलाही वाटत होतं. आमच्या खात्यात या दुखण्यावर रामबाण उपाय होता. मुलीचं लग्न झालं की बापाच्या राशन कार्डावरून तिचं नाव कापायचं आणि नाव कमी केल्याचा दाखला द्यायचा. तो दाखवला की सासरच्या कार्डावर तिचं नाव चढतं. आधी कापायचं, मग चढवायचं. एका तोंडाची साखर दोन घरी जाऊ नये म्हणून तो नियम होता. असे दाखले मी रोज लिहीत होतो. नर्सांची नोंदवही ही वेगळी गोष्ट असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

मी वहिनीकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या.

"कोऱ्या कागदावर कशाले सही?"

"अर्ज मी मागून लिहितो, वहिनी. टायमावर तुमी ड्युटीवर रायता."

"कोणत्या नावानं करू?"

"दोन्ही नावानं करून ठेवा. कोणती लागंल सांगता येत नाही."

"म्हणजे आमी दोघीजणी जाऊन राह्यलो का विलायतेले?" वहिनी हसली. "मंग तिकिटं दोन काढा."

मी नोंदणी कार्यालयाला अर्ज पाठवला. हिंदीत, शुद्ध, समासबिमास सोडून. त्याचा मतलब असा होता, की सदर स्त्रीचं लग्न झालेलं आहे, त्या नावाची कोणी व्यक्ती आता माहेरी राहत नाही, तरी तिचं नाव नोंदवहीतून कमी करून तसा दाखला द्यावा. खाली वहिनीची माहेरच्या नावाची सही. उत्तराचा पत्ता मी माझ्या कार्यालयाचा दिला, कारण घरचं टपाल कधी कधी शेजारी जायचं.

रविवारी जेवताना दादा म्हणाला, "आपल्या घरात एक तरी माणूस कागदाचा आहे बाप्पा. नाही तर आपण सगळे अंगठ्याचे." त्यानं माझ्या ताटात स्वतःहून तूप वाढलं. त्याआधी त्यानं कधी वाढलं नव्हतं.

त्या तुपानंतर चार दिवसांनी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की आपल्या विनंतीवरून आपलं नाव नर्सांच्या नोंदवहीतून काढण्यात येत आहे. यापुढे आपणास नर्स म्हणून काम करता येणार नाही. विनंती मागे घ्यायची असल्यास तीस दिवसांत कळवावे.

पत्र मी तीनदा वाचलं. एक ओळ लिहून टाकली असती तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. पण त्या ओळीवर वहिनीची सही लागणार होती आणि सहीचे कोरे कागद अर्जाच्या खाडाखोडीत संपले होते. सही मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत मी ते पत्र रॉकेलच्या परवान्यांच्या गठ्ठ्यात खाली ठेवलं. रोज सकाळी कार्यालयात गेल्यावर ते आहे ना, एवढं पाहायचो. तीस दिवस मी एवढंच काम केलं.

एकतिसाव्या दिवसानंतर जगानं आपलं काम सुरू केलं. आधी दवाखान्यात पत्र आलं, की तुमच्याकडची अमुक बाई आता नोंदणीकृत नाही. डॉक्टरसाहेबांनी वहिनीला बोलावलं. साहेब भला माणूस, पण कागदाला फार घाबरायचा.

"सिस्टर, जब तक कागज़ नहीं आता, आप मरीज़ को हाथ मत लगाइए।"

"और मरीज़ ने हमको लगाया तो?" वहिनी म्हणाली.

साहेबांनी यावर विचार केला आणि तिला खाटेपासून दोन हात दूर उभं राहायला सांगितलं. मग कंपाउंडर सुई टोचायचा आणि वहिनी दोन हातांवरून सांगायची, "थोडं वर. अजून वर. अहो, ते हाड आहे." पेशंट ओरडायचे, "बाई, तुमीच टोचा ना!" वहिनी सांगायची, "मी आज कोणी नाही, बाबा."

बाळंतपणं मात्र कागदासाठी थांबत नव्हती. तिथे ती हात लावायचीच. पण वहीत तिचं नाव लिहिता येत नव्हतं. मग साहेब लिहायचे, "प्रसूति स्वयं हुई।" त्या दिवसांत बालाघाटला पुष्कळ बाळं आपोआप जन्मली.

पाठोपाठ विलायतेच्या मंडळाचं पत्र आलं. या बाईचं नाव नोंदवहीतून कमी झाल्याचं समजलं, ते कोणत्या गैरवर्तनासाठी कमी केलं, असं त्यांनी विचारलं होतं. त्यांच्याकडे नर्सचं नाव कमी होतं ते बहुधा काही घोर कृत्य केल्यावरच. वहिनी रडवेली झाली. इंग्रजी माझं बरं म्हणून उत्तर लिहायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं. मी खरं तेच लिहिलं, की नाव लग्नामुळे कमी झालं, दुसरं काही कारण नाही.

त्यांचं उत्तर आलं. अतिशय सभ्य. आपल्या राज्यात विवाह हा गैरवर्तनात मोडतो काय, ते कृपया कळवावे.

दादानं ते पत्र उकव्याला नेलं आणि खाणीत सगळ्यांना दाखवलं. त्यातल्या अर्ध्यांचं म्हणणं पडलं की मोडतो.

शेवटी मी आणि वहिनी नोंदणी कार्यालयात गेलो. बस, मग रेल्वे, मग पायी. तिथल्या बाबूनं वहिनीचे कागद उलटेपालटे करून पाहिले.

"नाम वापस चढ़ जाएगा। लेकिन जिनका नाम कटा है, उनको आना पड़ेगा।"

"मैं ही तो हूँ," वहिनी म्हणाली.

"बहनजी, आप तो शादी के बाद वाली हैं। शादी के पहले वाली को लाइए।"

"उसको कहाँ से लाऊँ?"

"वो हम कैसे बताएँ? आवेदन तो उन्हीं का है।"

वहिनीनं माझ्याकडे वळून पाहिलं. "भाऊजी, नाव कापायाचा अर्ज म्या कवा केला?"

ती माझी सर्वांत चांगली संधी होती. बाबू खरं बोलत होता, फाइल शेजारच्या खोलीत होती आणि आत माझं अक्षर होतं. मी म्हणालो, "वहिनी, यांच्याकडे असंच असते. दुसरीचा कागद तुमच्या फाइलीत गेला असंल." एवढ्यावर मी थांबलो नाही. त्या बाबूशी भांडलो. टेबलावर हात आपटला. तो बिचारा घाबरून म्हणाला की गावच्या सरपंचाचं लेखी आणा, आम्ही पाहतो.

वहिनीचं माहेर हट्ट्याजवळ. तिथला सरपंच म्हातारा होता. दोन बायका नसून एकच आहे, हे त्याला मी अर्धा तास समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शिक्क्यासकट लिहून दिलं: "दोन्ही बायांना मी लहानपणापासून ओळखतो. दोघीही सालस आहेत."

आश्चर्य म्हणजे तो दाखला चालला. नाव पुन्हा चढलं, यावेळी दोन्ही नावं, मध्ये 'उर्फ' घालून. विलायतेलाही तसं कळवलं गेलं. पण तोवर आठवा महिना लागला होता. इस्पितळाचं पत्र आलं की जागा भरली, खेद आहे. नंतर वहिनीनं पुन्हा अर्ज केला नाही. "जाऊ द्या," म्हणाली आणि खाटेजवळ जाऊन पुन्हा सुया टोचू लागली.

मी माफी मागायचं ठरवलं ते त्याच आठवड्यात. पण मला साधं बोलताच येईना. मनात शब्द जुळवले की त्याचा अर्जच व्हायचा, "सविनय निवेदन आहे की". एकदा तर मी खरोखरच लिहून काढलं, वर विषय लिहिला, खाली सही केली आणि वाचून पाहिलं तर त्यात चूक कोणाची हेच कळत नव्हतं. दुसऱ्यांदा दिवाळीत बोलायला गेलो, तर वहिनीनंच मला ओवाळलं आणि म्हणाली, "भाऊजी माह्यासाठी किती धावले." मी ओवाळणी टाकून घराबाहेर पडलो. मग माझं लग्न झालं, मुलं झाली, वर्षं गेली.

यंदा वहिनी बैहरच्या दवाखान्यात आहे. नोकरीची शेवटची दोन वर्षं. मागच्या महिन्यात मी बस पकडून गेलो. ती दुपारी जखमेवर ठेवायच्या जाळीच्या कापडाच्या घड्या करत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, राशन कार्डाचा नियम, कोऱ्या सह्या, अर्ज. तिला आधी हसू आलं.

"म्हणजे मले तुमी कार्डावरून कापलं?"

"हौ."

"अन् म्या त्या बाबूले इतकी वर्षं शिव्या दिल्या." ती पुन्हा घडी घालू लागली. "होते चूक. तुमाले काय माहीत होतं?"

मी तिथेच थांबू शकलो असतो. तिनं माफ करून टाकलं होतं. मी तीस दिवसांचं पत्र सांगितलं.

तिचे हात थांबले. "तीस दिवस होते?"

"हौ."

"अन् तुमी रोज घरी जेवाले येत होते?"

"हौ, वहिनी."

बाहेर कोणी तरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं, पण ती उठली नाही.

"मंग आता कायले सांगाले आले?" ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता.

मी बसमधून जुळवत आणलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "वहिनी, अर्ज म्या चुकीनं केला. पण ते पत्र म्या समजून-उमजून लपवलं. तुमाले जायाचं होतं, हे मले माहीत होतं. मले माफ करा."