आधी कान, मग बंदूक

हातात बंदूक धरणारा माणूस सज्जन असू शकतो का? उत्तराची घाई करू नका. मी केली होती, कारण आमच्या घरात प्रश्न पडायच्या आधीच त्याचं उत्तर छापून तयार असायचं. बाबा कोल्हापूरहून शारजाला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, युद्धाविरुद्ध, दारूविरुद्ध. शारजात दारूबंदी आधीपासूनच आहे हे कळल्यावर त्यातला एक गठ्ठा बिनकामाचा ठरला, आणि बाबांना त्याचं मनापासून वाईट वाटलं. मी अक्षरं गिरवली ती या पत्रकांवर, त्यामुळे जगात कोण बरोबर आणि कोण चूक हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. त्या सगळ्या पाठांतराला पुरून उरलेला माणूस एकच, माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. सातही अमिरातींत त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस दुसरा नव्हता, आणि या निरुपद्रवी माणसाला दर शुक्रवारी सकाळी एक नव्हे, तीन बंदुका लागायच्या.

आतोबा मूळचे चिपळूणकडचे, डिप्लोमावाले. दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मोठाले जनरेटर दुरुस्त करून ते चालवून बघायचं काम त्यांच्याकडे होतं. शारजाहून दुबईला जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत रोज सकाळ-संध्याकाळ अडकूनही त्यांनी कधी हॉर्न वाजवला नाही. पुढच्याला घाई असेल, म्हणायचे, जणू मागच्याला नसते. घरात झुरळ निघालं तर ते त्याला वर्तमानपत्रावर घेऊन जिन्यापर्यंत पोचवून यायचे. आत्या म्हणायची, "मारत नाहीत, निरोप देतात." असा माणूस आठवड्याची सुट्टी वाळवंटातल्या एका क्लबात घालवायचा. तिथल्या स्पर्धेत घड्याळ एकच, धाव एकच, आणि वाटेत तीन हत्यारं: आधी पिस्तूल, मग रायफल, मग शॉटगन. कागदी फळ्या आणि लोखंडी पत्रे पाडत पळायचं. जो कमी वेळात कमी चुकेल तो जिंकला. आतोबा कधी जिंकले नाहीत. शेवटून दुसरे आले की पेढे आणायचे.

मला ते सहन व्हायचं नाही. एकदा त्यांच्याकडे जेवताना मी त्यांना सरळ सुनावलं. म्हटलं, "आतोबा, बंदूक हे माणसानं माणसाला दिलेलं सगळ्यात नीच उत्तर आहे. तुम्ही त्याचा खेळ केलाय, हे जास्त वाईट." त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि प्रसन्नपणे म्हणाले, "इन्शाल्ला." म्हणजे, देवाची मर्जी असेल तर. माझं डोकं फिरलं. इतक्या कळकळीनं बोलावं आणि समोरच्यानं त्यावर टर उडवावी! पण आत्या हसली नाही. भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "हल्ली सगळ्यालाच इन्शाल्ला म्हणतात. परवा विचारलं, भाजी खारट झालीय का? तर इन्शाल्ला. घरमालकानं विचारलं, कितव्या मजल्यावर राहता? तर इन्शाल्ला. लोकांना वाटतं, माणूस आखातात मुरला. मला वाटतं, त्यांना ऐकू येत नाही गं." मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "क्लबात कळलं तर त्यांचा शुक्रवार गेला. आणि शुक्रवार गेला तर माणूस गेला. तू जा त्यांच्याबरोबर. बंदुकीसाठी नको जाऊस, माझ्यासाठी जा."

मी गेले. पण आतोबांच्या बरोबर नुसतं बघायला जाता येत नाही, हे मला कळायला उशीर झाला. मी येते म्हटल्याबरोबर त्यांनी मला नवशिकी ठरवलं आणि माझं सामान निवडायला घेतलं. मी बजावलं, "मी गोळी झाडणार नाही." ते म्हणाले, "अगदी नको झाडूस. पण सामान नीट हवं." त्यांचा सिद्धांत साधा होता. बंदुका क्लबच्या, क्लबच्या कपाटात कुलपात राहतात, घरी न्यायची सोय नाही. म्हणून नवख्यानं बंदुकीची काळजी करूच नये. बंदूक परकी, माणूस आपला. आधी माणूस सजवावा. नवखे मात्र नेमके उलटे वागतात, अशी त्यांची तक्रार होती. कुठली बंदूक झकास, यावर वाद घालतात आणि येतात चपला घालून.

बुटांसाठी आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. आतोबांनी बूट चढवले, गुडघ्यावर बसले, ताडकन उठले, दोन पावलं आडवी टाकली, मागं वळले आणि रॅकमागून डोकावून बघू लागले. सेल्समन केरळचा. तो घाबरून म्हणाला, "सर, एनी प्रॉब्लेम?" आतोबा म्हणाले, "नो प्रॉब्लेम, रनिंग अँड हायडिंग," आणि त्या बिचाऱ्याच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. खडीवर सरकणार नाही, घोट्याला धरून ठेवेल आणि बसता-उठता बोटं मोडणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं. चष्म्याबाबत माझा काळा गॉगल त्यांनी दोन बोटांत धरून परत दिला. "हा उन्हासाठी. आपल्याला डोळा शिल्लक राहण्यासाठी हवा," म्हणाले, आणि बाजूंनी बंद असलेला जाड पारदर्शक चष्मा माझ्या नाकावर बसवला. पिस्तुलातून उडालेलं रिकामं काडतूस तापलेलं असतं आणि नेमकं गळ्यात जातं, म्हणून गळाबंद सदरा हवाच, असा आदेश निघाला, तेव्हा आत्या आतून ओरडली, "आता ह्यांनी बायकांच्या ब्लाऊजचे गळेसुद्धा ठरवायला घेतले!"

पण त्यांचा खरा जीव पट्ट्यात होता. या खेळात कमरेचा पट्टा म्हणजे चालतं-बोलतं कपाट. उजवीकडे पिस्तुलाचं म्यान, डावीकडे गोळ्या भरलेली मॅगझिनं, समोर शॉटगनची काडतुसं. अल क्वोजमध्ये गाड्यांच्या सीट शिवणारा एक पठाण होता, त्याच्याकडून त्यांनी माझ्यासाठी दुहेरी पट्टा शिवून आणला. आपल्याकडचे पुरुष पट्टा पोटाखाली लोंबता बांधतात, त्यावर त्यांचा राग होता. "पट्टा हाडावर बसतो, पोटावर नाही. पोटाचं काय, ते आज आहे, उद्या वाढेल." कुठली वस्तू कुठं लावावी, हे त्यांनी मला आत्याच्या ओट्याजवळ उभं करून शिकवलं. "अगं, डोळे मिटून मीठ काढ," ते आत्याला म्हणाले. आत्यानं काढलं. "बघ. ती शोधत नाही, हात जातो. मीठ रोज जागा बदलायला लागलं तर बाई स्वयंपाक करील का? नवख्यानं पट्ट्यावर थोडंच लावावं आणि ते हलवू नये." काडतुसं भरायचा सराव घरी करायचा, तर खरी काडतुसं घरी नाहीत. मग त्यांनी आत्याच्या मेणबत्त्यांचे काडतुसाएवढे तुकडे केले आणि सोफ्याच्या कडेला उभे राहून ते नळाच्या एका पाइपात सारायला लागले. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या आणि हे बघून उंबऱ्यातूनच परत गेल्या.

आणि या सगळ्याच्या आधी कान. दुकानांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आधी, पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातावर फोमची पिवळी बोंडं ठेवली होती. वळून बारीक करायचं, कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरायचं. त्यावर पुन्हा मोठे इअर मफ. "दोन्ही. नुसतं एक नाही. डोळा गेला तर लोक हात धरतात," ते म्हणाले, "कान गेला तर लोक चिडतात." हे ते अगदी सहज म्हणाले.

क्लबात मला एक गोष्ट दिसली. आतोबा नेहमी सकाळची पहिली पाळी मागून घ्यायचे. सगळ्यांना वाटायचं, उन्हाचा त्रास. पण तिथली गोळीबाराची दिशा पश्चिमेला होती, आणि सकाळी ऊन पाठीमागून यायचं. नेमबाजाच्या मागे पंच उभा राहतो, 'रेडी?' विचारतो आणि हातातल्या घड्याळाचं बटण दाबतो. शिट्टीसारखा आवाज होतो की सुटायचं. आतोबा समोर फळीकडे बघायचेच नाहीत. ते वाळूकडे बघत उभे राहायचे. तिथं पंचाच्या हाताची सावली पडायची. सावली हलली की आतोबा सुटायचे.

परतताना गाडीत मी त्यांचा खांदा धरून त्यांना माझ्याकडे बघायला लावलं. सिग्नल लाल होता. म्हटलं, "आतोबा, तुम्हाला ऐकू येत नाही. आणि हातात भरलेली बंदूक असताना हे लपवणं बरोबर नाही. मी कुणाचीही भीड ठेवणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते." ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "पुढच्या शुक्रवारची शेवटची धाव धावू दे. मग मीच सांगतो मुदीरला. तुझ्या बापाची शप्पथ." मुदीर म्हणजे तिथला मुख्य पंच, फौजेतून निवृत्त झालेला उंच अमिराती गृहस्थ. मी म्हटलं, "बाबा शपथ मानत नाहीत." ते म्हणाले, "म्हणून तर त्याची घेतली." मग हसले, पण मला हसू आलं नाही. म्हटलं, धावायच्या आधी सांगा, नंतर नाही. सिग्नल हिरवा झाला. पुढच्या शुक्रवारी वाटेत त्यांनी कबूल केलं, "जाताक्षणी सांगतो."

पण जाताक्षणी मुदीरला गाठता आलं नाही, कारण त्या दिवशी धुकं होतं. हिवाळ्यात वाळवंटावर असं धुकं उतरतं की शेजारचा माणूस दिसत नाही. सगळे गाड्यांत बसून राहिले. मग ते विरळ झालं, फळ्या दिसायला लागल्या, मुदीर टॉवरजवळून घाईनं आला आणि म्हणाला, "यल्ला, यल्ला, पहिला कोण?" नाव आतोबांचं होतं. मी पुढं झाले, पण आतोबांनी मला हातानं थांबवलं आणि रिकामं पिस्तूल म्यानात ठेवून रेषेवर उभे राहिले. पट्टा हाडावर, कान दुहेरी झाकलेले, चष्मा चढवलेला. असा नीट सजलेला नेमबाज त्या मैदानावर दुसरा नव्हता. गोळ्या भरायचा हुकूम द्यायच्या आधी मुदीरनं घड्याळाचा आवाज एकदा तपासून दाखवला. तशी रीतच होती. "हबीबी, आवाज सुना?" त्यानं विचारलं.

आतोबा वाळूकडे बघत होते. वाळूवर काहीच नव्हतं. ऊन नव्हतं, सावली नव्हती. मुदीरनं पुन्हा बटण दाबलं. आम्हा सगळ्यांना आवाज ऐकू आला, मफ घातलेल्यांनासुद्धा. आतोबा हललेच नाहीत. कुणीतरी हसलं. मुदीर वळसा घालून त्यांच्या समोर आला, वाकला आणि त्यानं हळू आवाजात पुन्हा विचारलं, "सुना?"

"इन्शाल्ला," आतोबा म्हणाले.

त्यांनी त्याचा चेहरा पाहिला, मग आमचे चेहरे पाहिले, आणि काय झालंय ते त्यांना समजलं. त्यांनी स्वतः पट्टा सोडला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मुदीर, आज सांगणारच होतो. कान खलास." त्यावर कुणी हसलं नाही. मुदीरनं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, आणि त्यांना दिसेल असे ओठ हलवत म्हणाला, "तुम शूटिंग नहीं. लेकिन शुक्रवार आने का. नया लोग सब तुम्हारा."

त्या संध्याकाळी मला उरलेलं समजलं. मी बंदुकांना शिव्या घातल्या, तेव्हा आतोबा म्हणाले, "बंदुकीला उगाच बोल लावू नकोस. तिथं मी पहिल्या दिवसापासून कान झाकलेत." कान गेले ते वर्कशॉपमध्ये. पत्र्याच्या बंद शेडमध्ये धडधडत्या जनरेटरशेजारी दिवसभर उभं राहून गेले. कंपनीकडे मफ होते, चांगले, कोरे. ते कपाटात असायचे. पाहुणे किंवा तपासणीवाले आले की वाटायचे, ते गेले की मोजून परत घ्यायचे. माझा पत्रकांवर वाढलेला हात शिवशिवला. म्हटलं, आजच्या आज लिहिते. आतोबांनी मान हलवली. "माझी माणसं अजून तिथं आहेत. तुझा कागद निघेल, त्यांचा व्हिसा जाईल. आता नको."

त्यानंतर ते शुक्रवारी जात राहिले, पत्र्याच्या सावलीतल्या खुर्चीत बसून नवख्यांचे बूट, चष्मे, पट्टे बघत राहिले. बंदुकीचं कुणी विचारलं तर दुसरीकडे बघायचे. मी आजही बंदुकीच्या विरुद्धच आहे. पण माणसं सज्जन आहेत की नाहीत, हे मी आता त्यांच्या हातात काय आहे त्यावरून ठरवत नाही. ती दुसऱ्याच्या अंगाची किती काळजी घेतात, ते बघते. आता आतोबा आणि आत्या चिपळूणला असतात, त्यांची वर्कशॉपमधली माणसंही ती कंपनी सोडून गेली. मी फोन केला की आत्याच घेते. ते शेजारी बसलेले असतात, माझं बोलणं तिच्या तोंडावरून वाचतात आणि जरा उशिरानं हसतात.

म्हणून आता लिहिते, आणि तुमच्याकडे एक मागणं मागते. तुमच्या घरातलं कुणी दुबईला, अबुधाबीला, फुजैराला, नाहीतर आपल्याच एमआयडीसीत यंत्राजवळ उभं असेल, तर त्याचा पुढचा फोन आल्यावर पगाराच्या आणि सुट्टीच्या आधी एवढं विचारा: मशीन चालू असताना कानांवर काय घालतोस? काही नाही म्हणाला, तर पुढच्या येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर लाडू-चकलीआधी इअर मफ पाठवा. आणि तो घालीन म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.