आधी पीठ हलव

शुक्रवारी दुपारी सौदीतल्या बुरैद्यात आपांच्या घराची बेल वाजवली, की दार उघडायच्या आधीच भाजलेल्या पिठाचा वास बाहेर यायचा. मग दार उघडायचं, आणि नमस्कार-सलाम व्हायच्या आत आपा पाहुण्याच्या हातात लाकडी उलथणं ठेवायच्या. "आधी पीठ हलव. बोलायला सगळा दिवस पडलाय." पाहुणा कोण हे त्या बघत नसत. एकदा आमच्या हॉस्पिटलचे मोठे सर्जन बायकोला घेऊन जेवायला आले होते. त्यांनाही सूट नाही. साहेब टाय खांद्यावर टाकून मुकाट्यानं कढईसमोर उभे, आणि त्यांची बायको सोफ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

आपा म्हणजे डॉ. रुकय्या परकार. दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावच्या. मी लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झाले, तेव्हा त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, आणि ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली त्यांच्या लेकींचीही करत होत्या. अरबी फाडफाड बोलायच्या, पण हेल दापोलीचा. लेबर रूममधून त्यांचा "यल्ला गो, यल्ला!", म्हणजे चल गो, चल, असा आवाज आला, की कॉरिडॉरमधले नवरे दचकून उभे राहायचे. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "राह्यलं ते राह्यलं. आता विचारून काय उपयोग?"

त्यांच्या दिवाणखान्यात टीव्ही असायला हवा तिथं भिंतभर पुस्तकं होती. डॉक्टर बाई म्हटल्यावर मला वाटलं, वैद्यकाची असतील. जवळ जाऊन पाहिलं तर एकजात सगळी एकाच शहराची. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं न्यू ऑर्लिन्स. त्याचा इतिहास, त्याची घरं आणि त्याचा स्वयंपाक. अमेरिकेला कुणीही निघालं, की आपा त्याला एकच काम सांगायच्या, तिथून एक पुस्तक आण. तीन विषय त्यांनी तीन कप्प्यांत लावले नव्हते. बंदराच्या इतिहासाशेजारी कोळंबीच्या पाककृती, त्याच्याशेजारी लोखंडी नक्षीच्या सज्जांचे फोटो. मी नवी होते, आगाऊपणानं म्हटलं, "आपा, विषयवार लावून देऊ का?" त्या म्हणाल्या, "घर कळल्याबिगर स्वैपाक कळत नाही गो. स्वैपाकघर मागच्या अंगणात का, हे ठाऊक नसेल तर तिथलं कालवण तासन् तास का शिजतं ते काय कळणार?" मी परत पीठ हलवायला लागले.

ते पीठ म्हणजे त्या शहराच्या गंबो नावाच्या कालवणाचा पाया. मैदा तेलात मंद आचेवर सुपारीच्या रंगावर येईपर्यंत भाजायचा. पाऊण तास तरी लागतो, आणि तेवढा वेळ उलथणं थांबता कामा नये. मग त्यात कांदा, सिमला मिरची, भेंडी, कोळंबी. फ्रेंचांनी वसवलेल्या, स्पॅनिशांनी राखलेल्या त्या शहरात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या बायकांनी चुलीपाशी उभं राहून सगळ्यांची चव एका भांड्यात आणली, आणि त्या मिश्र स्वयंपाकाला क्रिओल म्हणतात, हे मला आपांनी सांगितलं. तिथं त्यात डुकराचं सॉसेज घालतात. आपा त्याऐवजी कोकणातले सोडे घालायच्या. सुट्टीवरून येताना बॅगभर सुकी कोळंबी आणायच्या. एकदा विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यानं बॅग उघडली आणि वासानं दोन पावलं मागं सरला. आपांनी त्याला शांतपणे घरचा पत्ता दिला. "शुक्रवारी ये. खाल्ल्यावर मग बोल."

आपा पंचविशीच्या असताना वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी त्या शहरात गेल्या होत्या. एकट्या. इंग्रजी पुस्तकं फडाफड वाचायच्या, पण बोलायची वेळ आली की तोंड बंद. वॉर्डात राउंडला त्यांना घाम फुटायचा. त्या ज्यांच्या घरी भाड्यानं राहायच्या त्या मिस अडेल नावाच्या म्हाताऱ्या क्रिओल बाईंच्या ते लक्षात आलं. बाईंनी उपदेश केला नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलावलं, हातात उलथणं दिलं आणि म्हणाल्या, आता तुझ्या गावाबद्दल सांग. "मी पीठ हलवत खाडीबद्दल सांगत सुटले," आपा म्हणायच्या. "कढई खाली उतरवली तेव्हा ध्यानात आलं, एवढा वेळ मी इंग्रजीतच बोलत होते. हात गुंतला की जीभ मोकळी होते बघ." पुढे कित्येक वर्षांनी एका वादळात ती सगळी वस्ती पाण्याखाली गेली. मिस अडेल त्याच्या आधीच गेल्या होत्या. घरही राहिलं नाही. आपांकडे पुस्तकं राहिली.

हे सगळं मला कळलं ते माझ्या मुलीमुळे. सई तेव्हा आठ वर्षांची होती. इथल्या इंडियन स्कूलमध्ये इंग्रजी, मैत्रिणींशी हिंदी, आणि मराठी फक्त कानांना. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. माझी आई बार्शीला भावाकडे. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की सई "हाय आजी, आय अ‍ॅम फाइन" म्हणून पळायची. मी दटावून परत आणायची, ती रडकुंडीला यायची. एका रविवारी आई म्हणाली, "तिला नको गं त्रास देऊ बोलायचा. नुसती दिसली तरी पुरे मला." आई हसून म्हणाली, पण मला फोन ठेवल्यावर रडू आवरेना. माझी आई आणि माझी मुलगी एकमेकींना नुसत्या बघत राहणार, आणि एक दिवस तेही संपणार, ही भीती मला खात होती.

शुक्रवारी पीठ हलवता हलवता मी हे आपांना सांगून टाकलं. बाराखडीची पुस्तकं आणली, तक्ते लावले, रागावून पाहिलं, काही उपयोग नाही. आपा भेंडी चिरत होत्या. म्हणाल्या, "मराठी शिकवू नको तिला. मराठीत काम दे."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी सईला ओट्याशेजारी स्टुलावर बसवलं आणि तिच्या मांडीवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं. "माझे हात भरलेत. वाचून दाखव मला. पण या स्वैपाकघरात इंग्रजी चालत नाही हां. इंग्रजी ऐकलं की पीठ करपतं." सईनं माझ्याकडे पाहिलं. मी गंभीर चेहरा करून मान हलवली. तिनं एक ओळ मनात वाचली आणि अडखळत म्हणाली, "आग लागला. खूप घर जळला."

"जळला नाही, जळली," मी म्हणाले.

आपांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की लेबर रूमबाहेरचे नवरे का दचकतात ते मला कळलं. "तू पीठ हलव." मग सईकडे वळून, "मग? माणसं कुठं गेली?"

आपा तिला कधी सुधारत नसत. त्या फक्त विचारत. मग? पुन्हा घरं कशी बांधली? नदी रस्त्याहून उंच, तर पाणी अडवलं कशानं? बाजारात त्या बायका काय ओरडून विकत होत्या? त्यांना खरंच ऐकायचं असायचं, म्हणून सईला सांगावंच लागायचं. शब्द अडला तर आपा आपल्या घरचा द्यायच्या. तिथल्या लांबोळक्या घरांत एकामागे एक खोल्या असतात, हे सईला सांगता येईना तेव्हा म्हणाल्या, "आमच्याच घरासारखं गो. ओटी, माजघर, मग स्वैपाकघर. पुढं पडवी." सईनं दापोलीतलं घर पाहिलं नव्हतं आणि न्यू ऑर्लिन्सही नाही. तिच्या डोक्यात दोन्ही शेजारी शेजारी जाऊन बसली. एकदा मी तिचं ऐकण्यात इतकी रमले, की उलथणं थांबलं आणि पिठावर काळे ठिपके आले. आपांनी क्षणाचाही विचार न करता सगळं फेकून दिलं आणि मैद्याचा डबा पुन्हा काढला. त्या दिवशी जेवायला दुपार टळून गेली. जुम्म्याची नमाज आटपून आलेले पाहुणे खजूर खात बसले. सईला मात्र आनंद झाला, तिला आणखी एक प्रकरण वाचायला मिळालं.

वर्ष सरता सरता रविवारचे फोन लांबत गेले. मी भाजी चिरत असायची आणि पलीकडच्या खोलीतून सईचं चाललेलं असायचं, "आजी, ऐक ना, मग काय झालं, नदीला पूर आला..." मी मुद्दाम आत जात नसे. देवासमोरही मी कधी इतकी शांत उभी राहिले नसेन, जितकी त्या दाराआड राहिले.

आईला आम्ही भेटीच्या व्हिसावर बोलावलं तेव्हा गंमत झाली. विमानतळावरून गाडी निघाली. दोन्ही बाजूंना वाळू. आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "सई, अगं, नदी कुठाय?" नदी, घोडागाड्या, लोखंडी नक्षीचे सज्जे, हे सगळं आपल्या नातीच्याच गावात आहे, असं आईनं दोन वर्षं धरून ठेवलं होतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगूनही झालं होतं. सई हसून हसून सीटवर आडवी झाली. आई थोडी रुसली. "आता बार्शीला जाऊन काय सांगू मी?" सई म्हणाली, "आजी, नदी आपांच्या घरी आहे. शुक्रवारी दाखवते."

आई शाकाहारी. आपांनी तेही पुस्तकातूनच सोडवलं. त्या शहरातही गुड फ्रायडेला मांस टाळतात आणि नुसत्या पालेभाज्यांचं गंबो करतात. आमच्याच अल-कसीम प्रांताच्या शेतांतला पालक, मेथी, इथली जर्जीरची तिखट पानं, सगळं ओट्यावर रचून आपा दारात उभ्या होत्या. आईच्या हातात उलथणं गेलं. आईनं कढईत डोकावून विचारलं, "बेसनासारखंच ना?" आणि पदर खोचून उभी राहिली. तिचा हात इतका सवयीनं फिरायला लागला, की आपांनी काही वेळ पाहिलं, आणि सरळ खुर्ची ओढून बसल्या. इतक्या शुक्रवारांत आपांना स्वतःच्या स्वयंपाकघरात बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. सई वाचत होती. आगीचं प्रकरण आलं. आईचा हात थांबला नाही, पण तिनं विचारलं, "अगंबाई. मग माणसं कुठं गेली?" आपांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मारला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बार्शीला आई आजारी पडली. न्यूमोनिया, आणि तोही वाढलेला. माझा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला, निघता येत नव्हतं. भावाचा फोन आला. "तिला बोलता येत नाहीये, पण ऐकू येतंय. फोन कानाला लावतो. बोल." मी फोन घेतला आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. भावानं पाठवलेले रिपोर्ट मी वाचले होते. काय होणार ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच काही बोलता येत नव्हतं.

सईनं फोन माझ्या हातातून घेतला. अकरा वर्षांची होती. "आजी, मी सई. नदीला पाणी आलंय गं. पण आपलं घर उंच खांबांवर आहे ना, पाणी आत येणार नाही. तू झोप. मी सांगते..." आणि ती सांगत राहिली. सावकाश, मराठीत, बाजारातल्या त्या बायकांचं ओरडणं, पडव्या, दिवे.

बातमी कळल्याबरोबर आपा हॉस्पिटलातून तशाच आल्या होत्या. सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेल्या, गॅस पेटवला, कढईत तेल आणि मैदा घातला, मला दंडाला धरून ओट्यापाशी नेलं आणि हातात उलथणं दिलं. "हलव." मी हलवायला लागले. थोड्या वेळानं सईनं मागून येऊन फोन माझ्या कानाला लावला. मी म्हणाले, "आई, मी अशू. पीठ भाजतेय. गॅस बारीक ठेवलाय, तू सांगतेस तसा." मग पुढचं आपोआप आलं. लहानपणी ती मला कडेवर घेऊन शाळेत सोडायची ते, तिच्या हातच्या लाडवांचं, आणि जे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं तेही. पिठाला सुपारीचा रंग आला तेव्हाच मी थांबले. आई दुसऱ्या दिवशी गेली. मला तिच्याशी बोलता आलं. हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

गेल्या वर्षी आपा निवृत्त झाल्या. कायमचं जायचं, फायनल एक्झिट. पुस्तकं त्यांनी सईला दिली. म्हणाल्या, "कोकणातली दमट हवा, बुरशी येईल. इथं कोरडी राहतील." शुक्रवारी सई त्यातलं वाचेल आणि आपा तिकडून फोनवर ऐकतील, असं दोघींनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

आम्ही त्यांना रियाधच्या विमानतळावर सोडायला गेलो. मी वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. गाडीतून उतरले, त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि पुन्हा तेच. एक अक्षर बाहेर येईना. मग आपांनी सामानाची जड ट्रॉली माझ्यापुढे सरकवली आणि तिचा दांडा माझ्या हातात दिला.

"ढकल."

मी ढकलायला लागले, आणि काचेच्या दारापर्यंत जाता जाता सगळं बोलले. आई, सई, ते उलथणं, सगळं. आपा शेजारून चालत होत्या. दाराशी पोचल्यावर त्यांनी माझे हात दांड्यावरून हळूच सोडवले.

"झालं बोलून? आता सोड. इथनं पुढं माझी मी जाते."