मेश्राम बाईंची वाकडी रेघ

मेश्राम बाई नकार इतक्या गोड आवाजात द्यायच्या की समोरच्याला तो होकारच वाटायचा. मी साताऱ्याकडचा, गडचिरोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला बदलीनं नवा आलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "बाई, माझा एक तास घ्याल का?" त्या हसून म्हणाल्या, "नाई जी." त्या 'जी'वर मी एवढा खूश झालो की खुशाल बँकेत निघून गेलो. परत आलो तर पोरांनी वर्ग डोक्यावर घेतलेला! प्राचार्यांची बोलणी मी खाल्ली.

बाई भौतिकशास्त्राच्या. मेसॉन नावाचे अतिसूक्ष्म कण प्रचंड चुंबकीय क्षेत्रात सापडले तर त्यांचं वस्तुमान कसं बदलतं, यावर त्यांची पीएच.डी. चालली होती. एवढं क्षेत्र आपल्या कुठल्या चुंबकात नसतं, त्यामुळे सगळा कारभार कागदावर आणि कॉम्प्युटरवर. रजेच्या अर्जात त्यांनी 'मेसॉनचा अभ्यास' असं लिहिलं आणि प्राचार्यांनी त्यांना थेट वसतिगृहाच्या मेस समितीवर नेमलं. "बाईंचा अभ्यासच आहे त्यातला!" आम्ही पोट धरधरून हसलो. बाईंनी मात्र ते कामही केलं आणि पोरांच्या ताटात वरण जरा दाट पडू लागलं.

खरी लढाई पुढे होती. पायॉन हा एक मेसॉन. विद्युतभार असलेला पायॉन चुंबकीय क्षेत्रात गरगर फिरतो. क्षेत्र वाढवत नेलं की त्या फिरण्याची ऊर्जा वाढते आणि हिशोबात त्याचं वस्तुमानही वाढत जातं. आलेखावरची रेघ वर वर जायला हवी. बाईंची रेघ वर गेली आणि शेवटी चक्क खाली वळली.

"शेवटचा तुकडा कापा," त्यांचे मार्गदर्शक सर म्हणाले. "परीक्षक त्यावरच अडतील. प्रबंध परत आला तर सगळं मुळापासून करावं लागेल." सर वाईट नव्हते, पोटतिडकीनं सांगत होते.

"नाई जी," बाई म्हणाल्या. "खाली येऊन राह्यली तं येऊ द्या."

मलाही राग आला. डोळ्यासमोर पदवी दिसतेय आणि ही बाई एका रेघेसाठी ती घालवणार! मी भांडलो त्यांच्याशी. त्या म्हणाल्या, "सर, मी तुकडा कापीन तं डॉक्टर होईन, पण खोट्या रेघेची." मी भांडण तिथंच सोडलं.

मौखिक परीक्षेला मी मुद्दाम सोबत गेलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटली आणि नेमकं तिथंच बोट ठेवलं. "ही रेघ खाली का येते? चूक तर नाही ना?" मार्गदर्शक सरांनी मान खाली घातली. बाईंनी इंग्रजीत सुरुवात केली, अडखळल्या, थांबल्या.

"सर, मराठीत सांगू का जी?"

परीक्षक म्हणाले, "सांगा की."

आणि मग बाई सुटल्या! खडू घेऊन फळ्याकडे गेल्या. "सीताफळ बाहेरून एक दिसते, सर. पण त्याच्या आत बिया आहेत. तसे पायॉनच्या आत क्वार्क. क्षेत्र कमी असते तवा ते पायॉनले एकच दाणा समजते, म्हणून रेघ वर जाते. क्षेत्र लई वाढलं का ते आतपर्यंत पोचते. मंग क्वार्क आपापल्या परीनं वागतात आन् सगळा हिशोब बदलते. मी क्वार्क काढून गणित करून पाह्यलं, तं रेघ वरच गेली. क्वार्क घातले, तं वाकली. दर बारी वाकली."

फळ्यावर दोन रेघा शेजारी शेजारी उभ्या होत्या. परीक्षक उठून फळ्याजवळ गेले, आकडे तपासले, दोन-तीन आडवे प्रश्न विचारले. बाईंनी एकेकाला उत्तर दिलं.

"बाई, एक चूक मात्र आहे तुमची," परीक्षक म्हणाले. "हा तुकडा तुम्ही शेवटी का टाकलात? हाच तर तुमचा प्रबंध आहे!"

मार्गदर्शक सर उभे राहिले. "मी यांना हाच तुकडा कापायला सांगत होतो," असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली. बाई फळ्याला टेकून हसत होत्या आणि रडतही होत्या. मी दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली. हो, भर विद्यापीठात, पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानं! माझ्या वर्गात कुणी मारली असती तर मी त्याला बाहेर काढलं असतं. त्या दिवशी मला कुणी बाहेर काढलं असतं, तर दारातून आणखी एक मारली असती.