टेंबे, सील आणि माझी कंबर

अंबरीश टेंबे माणसाकडे नंतर पाहतात. आधी पाहतात त्याने मारलेल्या गाठीकडे. इंद्रपुरीजवळच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी अवजड यंत्रं दोरखंडांनी बांधून क्रेनवर चढवली. क्रेनवाल्याला बोटांनी खुणा करायची सवय, त्यामुळे निवृत्तीनंतरही घरात चहा अंगठ्यानेच मागतात. बोलणं जवळजवळ नाहीच. हे मला ठाऊक असतं, तर त्यांनी तोंड उघडताच मी सावध झालो असतो.

त्या रविवारी सकाळी आमच्या मराठी मंडळात माझं व्याख्यान होतं : ‘जुन्या युरोपीय चित्रांतली इनुइटांची सीलशिकार’. इनुइट म्हणजे उत्तर ध्रुवाकडचे लोक, आणि सील म्हणजे तिकडच्या समुद्रातलं जनावर. मी स्वतः बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसात. पण व्याख्यान रंगलं, तर वार्षिक व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प मला, असं सचिव प्रमिलाताईंनी कबूल केलं होतं, आणि मी शाहपुऱ्यात चार घरी ते सांगूनही बसलो होतो.

पडद्यावर चित्र आलं. होडीतला शिकारी भाला फेकतोय, भाल्याची दोरी त्याच्या कमरेला, मागे एक फुगलेली कातडी पिशवी.

“डोळ्यांनी पाहून काढलेलं अस्सल चित्र,” मी ठणकावलं. “पिशवी म्हणजे टेकायला लोड.”

टेंबे उठले. “साहेब, सीलचं वजन किती?”

“शंभरेक किलो.”

“आणि दोरी कमरेला?”

“हो ना! काय धाडस!”

“धाडस कसलं, सीलमागोमाग पाण्यात जाईल की हो तो! दोरी त्या तरंगत्या पिशवीला हवी. जनावर बुडी मारील, पिशवी ओढून ओढून दमेल. चित्रवाल्याने जन्मात वजन बांधलेलं नाही.”

“सांगणाऱ्यानेही नाही,” मागून आमच्या सौ. वासंतीबाई म्हणाल्या. “यांनी बांधलेली कपड्यांची दोरी तिसऱ्या टॉवेलला खाली येते.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, “सिद्ध करा!”

टेंबेंनी पडद्याची दोरी माझ्या कमरेला बांधली, दुसरं टोक हातात घेतलं, “मी सील” म्हणाले आणि हलकाच हिसका दिला. मी व्यासपीठ सोडून दोन रांगा पार करून थेट प्रमिलाताईंच्या चरणांशी. एवढ्या टाळ्या माझ्या एकाही वाक्याला पडल्या नव्हत्या.

“लागलं का?” टेंबेंनी गाठ सोडली. मग चित्राकडे पाहत म्हणाले, “ही पिशवी ज्याला सुचली ना, तो आपल्या खात्यातला माणूस.”

पहिलं पुष्प प्रमिलाताईंनी तिथल्या तिथे टेंबेंना दिलं. मी त्यांचा सहायक. सध्या रोज सकाळी त्यांच्या अंगणात तालीम असते. परवा तिसऱ्यांदा आपटल्यावर मी काकुळतीने म्हटलं, “आता दोरी पिशवीला बांधू या की!”

“थांबा हो,” टेंबे म्हणाले. “आधी चूक नीट दाखवली पाहिजे. ती तुम्हाला फार छान जमते.”