गुवाहाटी ते नवापूर, नाताळाच्या गर्दीत

वडिलांचं पत्र डिसेंबर लागताच आलं. ‘धरणासाठी गाव उठणार. जुन्या गावातला हा शेवटचा नाताळ. जमलं तर ये.’ एवढंच. साठचं दशक सरत आलं होतं. मी आसामात एका चहामळ्याच्या दवाखान्यात नर्स होते. आमचं गाव नवापूरच्या पुढे, डोंगरातल्या नदीकाठी.

रजा बारा दिवसांची मिळाली. रेल्वेने कलकत्त्याला जायचं तर वाटेत गंगा आगबोटीने ओलांडावी लागे आणि जाऊन-येऊन चार दिवस मोडत. म्हणून विमान. तिकिटाला महिन्याचा पगार जाणार होता, त्याची तयारी होती. तिकीटच नव्हतं. मळ्यांवरचे साहेब, सुट्टी लागलेले विद्यार्थी, सगळे त्याच आठवड्यात निघालेले.

“जानेवारीत या,” बुकिंगवरचा बंगाली कारकून म्हणाला.

“जानेवारीत नाताळ नसतो.”

“इथे सगळे हेच सांगतात, सिस्टर.” तरीही त्याने माझं नाव प्रतीक्षायादीत लिहिलं आणि सांगितलं, “रोज सकाळी विमानतळावर येऊन बसा. कुणी आलं नाही तर तुम्ही जाल.”

वीस तारखेला बसले, एकवीसला बसले. दोन्ही दिवस सगळे आले. विमानतळावर चहा आणि पाव मिळे, बाकी काही नाही. बावीसला दाट धुकं होतं. वरच्या आसामातून येणारी एक बस वेळेत पोचली नाही, आणि कारकुनाने माझं नाव पुकारलं. विमान हलल्यावर खिडकीतून पाहिलं, तर कुंपणापाशी एक जोडपं सामान घेऊन धावत येत होतं. बाईच्या हातात केकचा डबा होता. मी पडदा ओढून घेतला. वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं, की तेव्हा नाही वाटलं.

हावड्याहून मुंबई मेल पकडली. चोवीसच्या पहाटे भुसावळला उतरले, केळी घेतली आणि सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसले. आजही नवापूरला पूर्वेकडून यायचं असेल, तर हाच रस्ता धरा आणि खिडकी उजवीकडची घ्या, डोंगर दिसतात. दोंडाईच्याला मात्र डबा खचाखच भरला. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून लोक परतत होते. शेजारी एक पागोटेवाले शेतकरी टेकले.

“कोठे जाई ऱ्हायनी, बहीण?”

“नवापूरले,” मी म्हटलं. अहिराणी मला शाळेपासून येते.

“घोडा लेवाले गयथू मी. भाव आयकीसन परत फिरनू.” ते हसले आणि फडक्यातली भाकरी अन् ठेचा माझ्यापुढे केला. चार दिवसांतलं ते पहिलं धड जेवण. नंदुरबारला ते उतरून गेले.

संध्याकाळी नवापूर आलं. तिथे मामांकडे मुक्काम केला आणि पंचवीसला उजाडताच चालत निघाले. दहा मैलांची वाट. बैलगाड्या होत्या, पण त्या कौलं आणि वासे भरून उलट्या दिशेने येत होत्या.

गावात पोचले तेव्हा प्रार्थना सुरू होती. चर्चचं छप्पर आधीच उतरवलेलं, चार भिंतींच्या आत ऊन पडलेलं. वडील पुढे उभे राहून गाण्याची एकेक ओळ सांगत होते. त्यांनी मला पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही. मी मागे बायकांत जाऊन बसले.

नंतर बाहेर आल्यावर त्यांनी माझी पिशवी घेतली. घरी आम्ही मावची ही आमची बोली बोलतो. त्यांचं बोलणं इथे मराठीत लिहिते.

“विमानाने आलीस?”

“कलकत्त्यापर्यंत.”

“बरं झालं. उद्यापासून घर उतरवायचंय. माणसं कमी पडतात.”

मला वाटलं होतं, जुन्या घरात निवांत बसू, नदीवर जाऊ. तसं काही झालं नाही. आई, वडील आणि मी तीन दिवस कौलं काढली, वासे सोडवले, सगळं वरच्या माळावर नेलं. हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई रिकाम्या चुलीपाशी बराच वेळ बसून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, “राख गरम आहे अजून. पाणी टाक.” मी टाकलं.

निघताना वडील म्हणाले, “तू आलीस म्हणून दोन दिवस लवकर आटोपलं.” मी त्या वाक्यावर परतीच्या गाडीत नागपूरपर्यंत रागावले होते. एवढी धडपड करून आले, आणि हाती हिशेब मजुराचा. नागपूरनंतर लक्षात आलं, की त्यांनी मला पाहुणी म्हणून वागवलं नव्हतं.

काही वर्षांनी पुन्हा नाताळाला गेले. तिकीट सप्टेंबरातच काढलं होतं, कसलीच अडचण आली नाही. नवं घर सडकेला लागून आहे, बस दारातच थांबते. मी उतरले, पिशवी खांद्यावर टाकली आणि चालू लागले. धरणाच्या पाण्यात पाय ओले झाले तेव्हा कळलं, की मी जुन्या घराच्या दिशेने उताराने खाली आले होते. मागे वळले. वर दारात आई उभी होती. तिने पाय पुसायला फडकं दिलं.